अकराचे सोळा

समाजमंदिरातल्या खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक व्यायामाच्या बाकांवर बसले. बाकं संपली, तेव्हा कोटांचे ढीग सारून खिडक्यांच्या कट्ट्यांवर टेकले. नूरडालमध्ये एका छताखाली इतकी माणसं शेवटची जमली होती ती तांब्याची खाण बंद झाली त्या वर्षी, आणि त्या दिवशी सगळी रडत होती. आज सगळ्यांचे चेहरे लोणी फासल्यासारखे चमकत होते.

व्यासपीठावर एस्किल माल्मगोर उभा होता. अंगात घरी विणलेला स्वेटर, विंचरलेली दाढी, मनगटात तांब्याचं जाड कडं. आडनाव त्याने स्वतःच निवडलेलं, खनिजाचा वास येणारं. आधीचं काय होतं असं कोणी विचारलं की तो उत्तर न देता डोंगराकडे बघायचा. हातात कागदांची चळत होती. एकेक कागद उचलून तो हलकेच वाचत होता, पाळण्यातल्या बाळाला नाव सांगावं तसा.

"ओलाउग, मेंढ्यावाली. अठ्ठावन्नचे त्र्याहत्तर."

टाळ्या.

"थोरे, पोस्टातला. एकाहत्तरचे अठ्ठ्याऐंशी."

पुन्हा टाळ्या. थोरे उठून उभा राहिला आणि आपल्याला नेमकं काय झालं होतं हे न आठवून बसला.

हे आकडे किडनीच्या गाळणीचे. शंभराच्या आसपास असला तर गाळणी धडधाकट; पंधराच्या खाली गेला, तर रक्त धुणारं यंत्र किंवा दुसऱ्या कुणाची तरी किडनी. रक्तात क्रिएटिनिन नावाचा कचरा किती साठलाय ते मोजून हा आकडा काढतात. कचरा जास्त, तर गाळणी कमजोर. एक्केचाळीस जणांनी तीन आठवडे माल्मगोरचं तांब्याचं पाणी घेतलं होतं, आणि एकोणचाळीस जणांचे आकडे चढले होते.

"डोंगराच्या पोटात तांबं," माल्मगोर सांगत होता, "तुमच्या आजोबांच्या श्वासात तांबं. खाण बंद झाली आणि रक्तातलं तांबं आटलं. किडनी काय मागते? आपली माती मागते. मी फक्त डोंगराची आणि माणसाची पुन्हा ओळख करून देतो."

शेवटच्या रांगेत सिग्रुन बसली होती. तिच्या आजोबांच्या श्वासात खाण होती हे खरंच. एकोणपन्नासाव्या वर्षी त्या खाणीच्या धुळीनेच त्यांचा श्वास थांबवला होता. पण व्यासपीठावरच्या प्रत्येक कागदामागचं रक्त तिने स्वतः काढलेलं होतं. गावच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिला तेहतीस वर्षं झाली होती. माल्मगोर तेच पुन्हापुन्हा सांगत होता: माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या सिग्रुनच्या सुईवर ठेवा.

मग त्याने शेवटचा कागद उचलला आणि आवाज आणखी खाली आणला.

"हाल्वर, सुतार. अकराचे सोळा."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत हाल्वर, सिग्रुनचा थोरला भाऊ, टोपी गुडघ्यावर धरून बसला होता. नोव्हेंबरच्या सहा तारखेला ओस्लोला सिग्रुनची एक किडनी काढून त्याला बसवायची असं ठरलेलं होतं. तपासण्या झाल्या होत्या, रक्त जुळलं होतं, तिने रजाही टाकली होती. हाल्वर उठला आणि जमिनीकडे बघत म्हणाला की सकाळीच त्याने ओस्लोला फोन केला आणि ती तारीख रद्द करून टाकली.

घरी जाताना दोघं नदीकाठच्या रस्त्याने चालले. बर्चच्या झाडांची पानं गळून रस्ता पिवळा झाला होता. हाल्वर दर शंभर पावलांवर थांबत होता आणि थांबण्यासाठी दरवेळी काहीतरी निमित्त शोधत होता: कुणाचं कुंपण, कुणाची मोडकी ढकलगाडी.

"मला का नाही विचारलंस?" सिग्रुन म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, धाकटे."

"किडनी माझी आहे."

"तेच तर," तो म्हणाला. "राहू दे की तुझ्याजवळ."

आता तिला कळलं. हा माणूस पाण्यावर भाळलेला नव्हता. लहान बहिणीचं अंग कापू न देण्याचं निमित्त तो शोधत होता, आणि माल्मगोरने ते त्याला छापील कागदावर, दवाखान्याच्या शिक्क्यानिशी दिलं होतं. तो शिक्का तिचा होता.

शनिवारी तिची मुलगी इडुन त्रोन्हाइमहून आली. इडुन जनुकांवर काम करत होती. या जिल्ह्यात दर दहा-बारा वर्षांनी सगळी प्रौढ माणसं बाही सरसावून एका मोठ्या पाहणीसाठी रक्त देतात. आजीने दिलं, आईने दिलं, नातवंडं देतात, पीक कापायला जावं तशी जातात. माल्मगोरने व्यासपीठावरच्या पडद्यावर त्याच पाहणीतला एक आलेख दाखवला होता: ज्यांच्या रक्तात तांबं जास्त, त्यांची किडनी बरी. तुमचंच रक्त बोलतंय, असं म्हणून त्याने डोळे मिटले होते.

इडुनने कॉफी ओतली आणि मामासमोर बसली.

"मामा, आलेख खरा आहे," ती म्हणाली. "अर्थ खोटा आहे. ज्याची तब्येत बरी तो नीट खातो, त्याच्या रक्तात सगळंच नीट असतं. कोण कोणाच्या मागे चाललंय हे आलेखावरून नाही कळत."

"मग कशावरून कळतं?"

"चिठ्ठ्यांवरून."

तिने त्याला सांगितलं ते असं. आई-बापांकडून मूल येतं तेव्हा जनुकांच्या चिठ्ठ्या उचलूनच येतं. कुणाच्या वाट्याला अशी चिठ्ठी येते की त्याच्या रक्तात आयुष्यभर तांबं थोडं जास्त राहतं, कुणाच्या वाट्याला कमी ठेवणारी. चिठ्ठी श्रीमंती बघत नाही, जेवण बघत नाही, श्रद्धा तर नाहीच नाही. म्हणजे काही माणसं पाळण्यापासून तांब्याचं पाणी पीत आल्यासारखीच झाली आणि काही कोरडी राहिली. तांब्याने किडनी सुधारत असती, तर पहिल्यांची गाळणी साठाव्या वर्षी नक्कीच बरी निघाली असती. इडुनच्या संशोधक गटाने हजारो लोकांच्या चिठ्ठ्या आणि आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहिले.

"मग?"

"बरी नाही निघाली. काकणभर वाईटच असेल असं काहींना वाटतं, त्यावर आमची अजून भांडणं चालू आहेत. पण बरी? नाही, मामा. त्याने तीन आठवडे पाणी पाजलं. निसर्गाने साठ वर्षं पाजून बघितलंय."

हाल्वरने कप फिरवला. त्याचं बोलणं नेहमी रंधा मारल्यासारखं, सावकाश आणि एका दिशेने. तो म्हणाला की हजारो लोक शहाणे असतील, पण त्यांच्यात हाल्वर नाही. त्याच्या खिशात कागद आहे. अकरा होते, सोळा झाले. इडुनचं शास्त्र म्हणतं असं होणार नाही. पण झालं, आणि मोजलं तिच्या आईने.

इडुनने आईकडे पाहिलं. शास्त्र सांगत होतं की चमत्कार खोटा. सिग्रुनचे हात सांगत होते की आकडा खरा. दोन्ही खरं असेल तर मध्ये कुठेतरी कुणीतरी बसलं होतं, आणि ते तिला दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात गुनवोर दवाखान्यात आली ती काठी आपटतच. गुनवोर त्र्याहत्तर वर्षांची, चाळीस मेंढ्यांची मालकीण, आणि आकडा न चढलेल्या दोघांपैकी एक. दुसरा शाळेतला चित्रकलेचा मास्तर. माल्मगोरने भर सभेत त्या दोघांची नावं घेऊन खेदाने मान हलवली होती: धातू सगळ्यांना सारखा, श्रद्धा सगळ्यांची सारखी नसते.

"श्रद्धा नाही म्हणे," गुनवोर बसता बसता म्हणाली. "ते हिरवं गटारपाणी मी थेंब न सांडता प्यायले. खाणीखाली नदीत त्या पाण्यापायी एक ट्राउट मासा जगत नाही, आणि मी तीन आठवडे जगले. आणखी काय श्रद्धा दाखवू?"

सिग्रुन हसली. गुनवोर हसत नव्हती.

"आणि पहिल्या दिवशी मला काय मिळालं? माझी एक मेंढी वर डोंगरात राहिलेली, ती घेऊन आले तोवर यांनी पातेलं चाटूनपुसून साफ केलेलं. मटणाचा तुकडा नाही, रस्सा नाही. दोन बटाटे खाऊन तुझ्यासमोर हात पुढे केला मी. आणि तो तुमचा मास्तर, तो तर मांसाला शिवतच नाही, त्याने घरून गाजरं आणली होती."

सिग्रुनच्या हातातली नळी हातातच राहिली.

सप्टेंबरचा तो गुरुवार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या की या गावात फोरिकोल होतं. हाडासकट मटण, कोबी, अख्खी मिरी, तीन तास मंद आचेवर. त्याला कुणी जेवण म्हणत नाही, त्याला शरद ऋतू म्हणतात. म्हणूनच ते कुणाच्या नजरेत आलं नाही, तिच्यासुद्धा. किडनीचा आरोग्यदिन फोरिकोलच्या दिवशीच ठेवू, सगळे आयतेच जमतील, हे माल्मगोरने सुचवलं होतं, आणि केवढा साधा माणूस म्हणून गावाने त्याचं कौतुक केलं होतं. एक वाजता पानं वाढली. तीन वाजता तिने सुई हातात घेतली. मग तीन आठवड्यांची 'शुद्धी': मांस नाही, मासा नाही, नुसती लापशी, बटाटे आणि हिरवं पाणी. आणि दुसरं रक्त सकाळी आठला, उपाशीपोटी.

स्नायूंमधला जो पदार्थ शरीरात हळूहळू क्रिएटिनिन बनतो, तोच मटणातही असतो. तीन तास शिजवलं की भांड्यातच त्याचं क्रिएटिनिन होतं आणि रश्शात उतरतं. ते प्यायलं की दोन तासांत रक्तात. हे तिने शिकताना पाठ केलं होतं. तेहतीस वर्षं लोक तिच्याकडे सकाळी उपाशी येत होते, म्हणून ते पाठांतर कपाटात पडून राहिलं होतं. माल्मगोरने कुणाची गाळणी सुधारलीच नव्हती. पहिल्या दिवशी त्याने आकडा पाडला, आणि मग नुसता उठून उभा राहू दिला.

पण तेवढ्याने हाल्वरचा हिशेब पुरा होत नव्हता. ऑगस्टमध्ये मोठ्या इस्पितळात उपाशीपोटी काढलेला त्याचा आकडा चौदा होता. चौदाचे सोळा का झाले? मग तिला आठवला तो दंडाचा पट्टा. रक्त काढताना त्या सुताराच्या दंडाला तो नेहमी शेवटच्या टोकाशी बांधावा लागे. ऑक्टोबरमध्ये तो दोन बोटं आत आला होता. भूक गेली होती, त्यात लापशी. माणूस झडत चालला होता, आणि स्नायू झडले की क्रिएटिनिनही कमी बनतं. भाऊ वाळत होता म्हणून आकडा चढत होता. ज्या कागदासाठी अख्खं समाजमंदिर उभं राहिलं, तो कागद त्याच्या झिजण्याची पावती होता.

ती नळी खाली ठेवून खुर्चीत बसली. गुनवोरने विचारलं, चक्कर आली का. सिग्रुन म्हणाली, नाही, उतरली. मग तिने गुनवोरला ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी काय करतेस म्हणून विचारलं.

त्या शनिवारी माल्मगोरची आभारसभा होती. शेजारच्या खोऱ्यातून दोन बस भरून नवे लोक आले होते. दारात बाटल्या रचलेल्या, एकेक नऊशे क्रोनरची. शुद्धी संपल्याच्या आनंदात पुन्हा फोरिकोल. या वेळी माल्मगोरने बोटातून थेंब घेऊन आकडा दाखवणारं आपलं छोटं यंत्रही आणलं होतं. जेवणं झाली की नव्या मंडळींचे 'आजारी' आकडे काढायचे आणि बाटल्या द्यायच्या. तो मुख्य टेबलावर बसला, दोन ताटं जेवला, हाडं चोखून एका बाजूला नीट रचून ठेवली. धातूचा माणूस, पण मटणाशी त्याचं काही वैर नव्हतं.

कॉफी झाली, आणि त्याने यंत्र हातात घेताच गुनवोर उठली. म्हणाली, आधी माझं मोज, मागच्या वेळी माझी श्रद्धा कमी पडली होती.

माल्मगोरला आनंद झाला. त्याने तिला सगळ्यांसमोर खुर्ची दिली, बोट टोचलं, आणि आकडा वाचून दुःखाने डोळे मिटले. "बावन्न. बघा. धातू सोडला की काय होतं."

"सकाळी एकाहत्तर होते," गुनवोर म्हणाली आणि स्वेटरमधून दवाखान्याचा कागद काढला. "आठ वाजता, उपाशीपोटी. सिग्रुनने काढलं. तुझ्यासारखीच दोन ताटं जेवले मी, रस्साही प्यायले. एका जेवणात एकोणीस गेले, एस्किल. तिसरं ताट घेतलं असतं तर पुरलंच असतं मला."

कुणीतरी खुदकन हसलं. सिग्रुन उठून पुढे आली. व्यासपीठावर ती कधी चढली नव्हती, आजही चढली नाही. खालीच उभी राहून तिने फोरिकोलच्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि गावाला सांगितलं काय कधी शिजलं, कधी खाल्लं आणि कधी मोजलं. तिने स्वतःची चूकही सांगितली: सुई माझी होती, घड्याळ त्याचं होतं, आणि मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

माल्मगोरने हात पसरले. त्याने धातूच्या लहरींबद्दल काही सांगितलं, गुनवोरच्या वयाबद्दल काही सांगितलं, प्रयोगशाळांना लोक बरे झालेले बघवत नाहीत असं सांगितलं.

"एस्किल," पोस्टातला थोरे मागून म्हणाला, "तू वीस वर्षं ते पाणी पितोस. तुझा आकडा ब्याण्णव, असं बाटलीवर छापलंय. आता मोज की."

तो म्हणाला की हे यंत्र रुग्णांसाठी आहे. ओलाउग मेंढ्यावाली म्हणाली की त्या यंत्राला कुठे ठाऊक तू रुग्ण नाहीस ते. हशा वाढला, आणि नको म्हणण्याची वेळ निघून गेली. त्याने बोट पुढे केलं. त्रोन्हाइमहून पुन्हा आलेल्या इडुनने थेंब घेतला, आकडा आला. मग तिने यंत्र ओलाउगच्या हातात दिलं, आणि ओलाउगने चष्मा चढवून तो वाचला.

"एकसष्ट."

माल्मगोरच्याच माहितीपत्रकात साठ ते सत्तरमधल्या आकड्यांपुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'डोंगर तुम्हाला बोलावतोय. रोज दोन बाटल्या.' थोरेने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, दोन इथेच पितोस की बांधून देऊ.

बसमधून आलेली माणसं बाटल्या न घेता कोट शोधू लागली. माल्मगोर यंत्राची पेटी बंद करत राहिला. तिची कडी नीट लागत नव्हती.

हाल्वर मात्र हसला नव्हता. सगळे गेल्यावर तो रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून राहिला. सिग्रुन शेजारी जाऊन बसली आणि तिने त्याला दंडाच्या पट्ट्याचं सांगितलं. मटणाला आणि स्नायूंना न भुलणारी दुसरी एक चाचणी असते, ती करून बघू, म्हणाली. त्याने बाही वर केली. बुधवारी उत्तर आलं: दहा.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "घरचा जिना चढताना कळत होतं. अकराचे सोळा झाले, आणि जिन्याच्या पायऱ्या वाढतच होत्या. पण तुझ्या पोटावर सुरी नको होती मला, धाकटे. त्याच्या पाण्यावर नाही बसला माझा विश्वास. त्या कागदावर बसवला मी जबरदस्तीने."

"आणि तू गेल्यावर मी त्या दोन किडन्यांचं काय करू?" सिग्रुन म्हणाली. "कपाटात लोणच्याच्या बरण्यांसारख्या ठेवू?"

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, येतो ओस्लोला. पण तिथेही मी प्रश्न विचारणार आहे.

खोटा चमत्कार पकडायला दुर्बीण लागत नाही. कुणी आकडा दाखवला की तीनच गोष्टी विचाराव्यात: कधी मोजलं, काय खाऊन मोजलं, आणि ज्यांना गुण आला नाही ती माणसं कुठे बसली आहेत. प्रश्न विचारल्याने खरं औषध नासत नाही. नासतं ते फक्त हिरवं पाणी. आणि हे प्रश्न स्वेटरवाल्यालाच विचारायचे असं नाही, पांढऱ्या कोटालाही विचारायचे.

डिसेंबरात ओस्लोच्या इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, सर्जनबाईने सिग्रुनला एका किडनीवर काही त्रास होणार नाही असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा हाल्वरने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"किती जणांना मोजलंत?" त्याने विचारलं. "किती वर्षांनी? आणि ज्यांना त्रास झाला, ते कुठे आहेत?"

सर्जनबाईने लेखणी खाली ठेवली. खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली आणि सांगू लागली: किती जण, किती वर्षं. आणि मग, न चुकवता, ज्यांचं नीट झालं नव्हतं त्या थोड्या लोकांबद्दलही सांगितलं, आणि का ते. तिला पाऊण तास लागला. हाल्वरने सगळं ऐकून घेतलं. मग बहिणीकडे वळला.

"ही लपवत नाही," तो म्हणाला, आणि बाही वर करायला लागला.